धागा, चकवा आणि आतून लावलेली कडी: रहस्यकथेचे शब्द मराठीत आणताना

तुमचा प्रश्न असा: जुन्या इंग्रजी रहस्यकथांबद्दल लिहिताना क्लू, रेड हेरिंग, ॲलिबाय, लॉक्ड रूम, व्हूडनिट हे शब्द सतत येतात. यांना मराठीत काय म्हणावं, की सरळ देवनागरीत लिहून मोकळं व्हावं? आणि अशी एखादी कथा अनुवादाला घेतली तर कुठे ठेच लागते?

मी सत्तावीस वर्षं रहस्यकथांचे अनुवाद करतो आहे आणि बराच काळ इतरांचेही तपासतो आहे. त्यावरून सांगतो. यातल्या प्रत्येक शब्दाला कथेत एक काम नेमून दिलेलं असतं. ते काम मराठीत आजवर कोण करत आलंय, ते शोधा. बहुतेक वेळा शब्द आपल्या घरातच सापडतो, कधी पोलीस ठाण्यात, कधी विणकराच्या मागावर, कधी न्यायशास्त्राच्या पोथीत.

‘क्लू’ घ्या. इंग्रजीत हा शब्द पूर्वी वेगळ्या स्पेलिंगने लिहीत आणि त्याचा अर्थ होता सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थीसियस हा वीर मिनोटॉर नावाच्या राक्षसाला मारायला भूलभुलैयात शिरतो तेव्हा राजकन्या अरियाड्ने त्याला असा गुंडा देते. एक टोक दाराशी बांधायचं, गुंडा उलगडत आत जायचं आणि त्याच सुताला धरून बाहेर यायचं. पुढे ‘वाट दाखवणारी खूण’ हा अर्थ उरला आणि गुंडा विस्मरणात गेला. आता आपल्या वर्तमानपत्रातलं नेहमीचं वाक्य आठवा: पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले. इंग्रजीत झिजून गेलेलं सूत मराठीत अजून डोळ्यांना दिसतं. म्हणून मी ‘क्लू’साठी निःशंकपणे धागा वापरतो. शिवाय त्याचा धोका सांगणारी म्हणही आपल्याकडे तयार आहे, सुतावरून स्वर्ग गाठणे. शेरलॉक होम्सच्या कथांतला इन्स्पेक्टर लेस्ट्रेड तेच करत असतो.

मात्र खूण, सुगावा, धागा आणि पुरावा एकाच पोत्यात भरू नका. हा घोळ मला हस्तलिखितांत सर्वांत जास्त दिसतो. गालिच्यावर राख पडली आहे, ही खूण. ती कोणालाही दिसते. होम्सने तंबाखूच्या 140 प्रकारांच्या राखेवर पुस्तिका लिहिलेली असते, त्यामुळे ती राख कोणत्या तंबाखूची हे त्याला कळतं आणि खुणेचा धागा होतो. उडत उडत कानावर आलेली बातमी म्हणजे सुगावा. आणि न्यायाधीशापुढे टिकेल तो पुरावा. कथेतला गुप्तहेर ‘माझ्याकडे पुरावा नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे धागे भरपूर असतात. अनुवादात दोन्हीकडे ‘पुरावा’ लिहिलं की तो माणूस खोटारडा वाटायला लागतो.

‘स्लूथ’वर, म्हणजे गुप्तहेरासाठीच्या इंग्रजी शब्दावर, फार वेळ घालवत नाही. तो मूळचा नॉर्स भाषेतला, अर्थ माग. वासावर माग काढणाऱ्या कुत्र्याच्या नावातून तो माणसाला चिकटला. आपलं ‘माग काढणे’ त्याला पुरून उरतं.

‘रेड हेरिंग’ मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. हेरिंग मासा खारवून धुरी दिली की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने 1807 मध्ये आपल्या साप्ताहिकात एक गोष्ट लिहिली, की लहानपणी त्याने असा मासा फरफटत नेऊन सशाच्या मागावरची कुत्री भलतीकडे वळवली होती. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावणाऱ्या वर्तमानपत्रांना टोला म्हणून त्याने ती वापरली. तेव्हापासून दिशाभूल या अर्थाने तो शब्दप्रयोग रुळत गेला. मराठीत ‘लाल मासा’ लिहिणारे अनुवाद मी पाहिले आहेत. वाचकाला त्यातून ना वास येतो ना अर्थ लागतो.

मी याला चकवा म्हणतो. रात्री रानातून चालणारा माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो आणि सकाळी म्हणतो, चकवा लागला. रहस्यकथेच्या वाचकाचं तेच होतं. पण कथेच्या आत हा चकवा तीन तऱ्हांनी तयार होतो, आणि त्या तीन तऱ्हा मला इंग्रजी समीक्षेपेक्षा न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, जास्त स्वच्छ मांडलेल्या सापडल्या. तिथे अनुमानावर एक आक्षेप आहे. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असं आपण म्हणतो, पण पाणी कुठेतरी अडल्यामुळेही नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणतो, पण कोणी वारूळ मोडलं तरी त्या निघतात. मोराची केका ऐकू आली म्हणतो, पण माणूसही तो आवाज काढू शकतो. रोध, उपघात, सादृश्य. म्हणून अनुमान हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, नव्हे, असा आक्षेप.

हे तीन दाखले हाती घेऊन कुठलीही अभिजात रहस्यकथा उघडा. अडलेलं पाणी म्हणजे योगायोगाने पडलेली खूण, तिच्यामागे कोणाचाच हेतू नसतो. मोडलेलं वारूळ म्हणजे दुसऱ्याच भानगडीतला संशयित. तो खोटं बोलतो हे खरं, पण कर्ज लपवण्यासाठी किंवा कोणाची तरी अब्रू राखण्यासाठी, आणि खुनाशी त्याचा संबंध नसतो. ॲगाथा ख्रिस्तीच्या कथांत घरातला जवळजवळ प्रत्येक जण असं काही ना काही दडवत असतो. आणि मोराची नक्कल म्हणजे गुन्हेगाराने मुद्दाम पेरलेली खूण. तिच्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे, बनाव. ‘आत्महत्येचा बनाव’, ‘चोरीचा बनाव’ हे आपण रोज वाचतो. अनुवाद करताना मी आधी ठरवतो की समोरचा चकवा या तिघांतला कोणता आहे, कारण बनावाची भाषा थोडी जास्तच नीटनेटकी ठेवावी लागते. चाणाक्ष वाचकाला तिथेच खटकायला हवं.

त्या आक्षेपाला दिलेलं उत्तरही रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात शोभेल असं आहे. वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या भाष्यात म्हणतात, चूक अनुमानाची नाही, पाहणाऱ्याची आहे. पावसाने आलेल्या पुराचा ओघ जोरदार असतो, त्यात फेस असतो, फळं, पानं, काटक्या वाहत येतात. अडलेल्या पाण्यात ते नसतं. तुम्ही नुसतं ‘पाणी वाढलं’ एवढंच पाहिलंत. होम्सही आपल्या मित्राला, डॉक्टर वॉटसनला, हेच सुनावतो, की तुम्ही बघता पण निरीक्षण करत नाही.

याच ओघात ‘डिडक्शन’चं सांगून टाकतो. तर्कशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला निगमन म्हणतात, म्हणजे गृहीतांतून अटळपणे निघणारा निष्कर्ष, आणि बरेच अनुवादक होम्सच्या तोंडी तो शब्द घालतात. होम्स जे करतो ते निगमन क्वचितच असतं. 1887 साली आलेल्या पहिल्या कादंबरीत तो वॉटसनला बघताच म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात. उन्हाने रापलेला चेहरा, मनगटापाशी गोरी कातडी, लष्करी ढब, अवघडलेला हात. इथे तो परिणामावरून कारणाकडे जातो, पुरावरून पावसाकडे. याला आपल्याकडे शेषवत् अनुमान म्हणत. गोष्टीत असा जड शब्द कोणी वापरू नये, नुसतं ‘अनुमान’ किंवा ‘ताडणे’ पुरतं. ‘मी ताडलं’ हे होम्सच्या तोंडी इतकं छान बसतं की मी दुसरं काही वापरतच नाही.

अशक्य ते बाजूला काढत गेल्यावर जे उरेल, ते कितीही असंभाव्य वाटलं तरी तेच सत्य, हे होम्सचं सूत्र म्हणजे परिशेष. मीमांसा दर्शनाच्या पंडितांचं देवदत्ताचं उदाहरणही इथे आठवतं. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवतो. ही अर्थापत्ती. दोन विसंगत वाटणाऱ्या गोष्टी एकत्र नांदायच्या तर तिसरी मानावीच लागते. ख्रिस्तीचा गुप्तहेर पोआरो याच्या मेंदूतल्या ‘करड्या पेशी’ बहुतेक वेळा हेच करत असतात. आणि 1892 च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मधला न भुंकलेला कुत्रा? रात्री तबेल्यातून घोडा बाहेर काढला गेला आणि राखणीचा कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. जे असायला हवं होतं ते नाही, हेच ज्ञानाचं साधन. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेत आणि वेदान्तात याला अनुपलब्धी म्हणून स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा आहे. रहस्यकथा हा आपल्याला परका प्रकार आहे असं कोणी म्हणालं की मला ही सगळी मंडळी आठवतात. कथेचा साचा बाहेरून आला. एडगर ॲलन पोने 1841 मध्ये पॅरिसमध्ये घडणारी पहिली अशी कथा छापली. पण ती वाचायला लागणारी बुद्धी आणि तिच्यासाठीची भाषा आपल्याकडे आधीपासून तयार होती.

‘ॲलिबाय’ मूळ लॅटिन, अर्थ ‘दुसरीकडे’. 2024 मध्ये रद्द झालेल्या 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम 11 खाली उदाहरणच होतं: गुन्हा कलकत्त्यात घडला, आरोपी त्या दिवशी लाहोरला होता, तर ही वस्तुस्थिती प्रस्तुत ठरते. मराठीत यासाठी एकच सुटसुटीत नाम नाही, आणि मला त्याची खंतही वाटत नाही. संवादात ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ आणि ‘मी तिथे नव्हतोच, याला साक्षीदार आहेत’ हे जास्त जिवंत वाटतं. निवेदनात ‘ॲलिबाय’ तसाच ठेवा, वाचकाला तो कळतो. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा लेखक रेल्वेत इंजिनिअर होता. त्याच्या कथांत ॲलिबाय आगगाडीच्या वेळापत्रकावर उभा असतो आणि मिनिटामिनिटाने तपासून मोडला जातो. तिथे अनुवादकाने मूळ वेळा आकड्यात, जशाच्या तशा ठेवाव्यात. ‘सव्वानऊच्या सुमाराला’ लिहिलंत की लेखकाचं वर्षभराचं काम वाया गेलं.

बंद खोलीच्या कथेत सगळा जीव कडीत असतो. गास्तों लरूने 1907 मध्ये पिवळ्या खोलीची कादंबरी लिहिली, आणि जॉन डिक्सन कारने 1935 च्या एका कादंबरीत सतरावं प्रकरण चक्क बंद खोलीतल्या खुनाच्या प्रकारांवरच्या व्याख्यानाला दिलं. त्यांची दारं बहुधा आतून किल्ली फिरवून बंद केलेली असतात आणि किल्ली कुलपातच राहिलेली असते. आपल्या जुन्या घरांत दाराला कडी-कोयंडा, अडसर नाहीतर खिटी. आतून किल्लीने बंद करणं ही आपल्याकडे बरीच उशिरा, लॅचबरोबर आलेली सवय. म्हणून सरसकट ‘दार आतून बंद होतं’ लिहू नका. बोल्ट सरकवला होता की किल्ली फिरवली होती, हे वेगवेगळं सांगा, कारण बोल्ट बाहेरून दोऱ्याने ओढता येईल का आणि किल्ली बाहेरून चिमट्याने फिरवता येईल का, हे दोन वेगळे उलगडे आहेत. तुम्ही शब्द एक केलात तर उलगडा अशक्य होऊन बसतो.

विषांचंही तसंच. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्की गावातल्या दवाखान्याच्या औषध विभागात काम केलं होतं, आणि तिचं विष नावानिशी, मात्रेनिशी येतं. अनुवादात ‘जहाल विष’ म्हणून भागवू नये. आर्सेनिकला सोमल, ॲकोनाइटला बचनाग, स्ट्रिक्निन ज्यातून काढतात त्या बीला कुचला, हे शब्द आपल्याकडे होतेच. खेड्यातल्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी सोमल, डॉक्टरच्या तोंडी आर्सेनिक. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत हे वाचकाला एकदा कुठेतरी कळलं म्हणजे झालं.

आता ठेच लागण्याच्या जागा. मूळ कथा इंग्रजीच्या आडोशाने बरंच लपवते, आणि मराठी ते उघडं पाडते. पहिलं म्हणजे लिंग. इंग्रजीत साक्षीदार म्हणतो, कोणीतरी जिन्यावरून खाली गेलं. मराठीत ‘गेलं’ निभावतं, पण पुढच्या वाक्यात गेला की गेली हे ठरवावंच लागतं. यावर माझा सगळ्यात भरवशाचा शब्द ‘व्यक्ती’. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘ती व्यक्ती वळली, थांबली, दिसेनाशी झाली’ असं पानभर लिहिलं तरी पुरुष की बाई हे फुटत नाही. उलट साक्षीदाराचा समज चुकीचा असेल, त्याने बाईला पुरुष समजलं असेल, तर त्याच्या तोंडी बेधडक ‘गेला’ ठेवा. तो त्याचा समज आहे, तुमचं निवेदन नाही.

दुसरं, नाती. एलरी क्वीन या नावाने लिहिणारे दोघे जण एकमेकांचे ‘कझिन’ होते, असं इंग्रजीत म्हटलं की वाक्य पुरं होतं. मराठी लगेच विचारते, चुलत, मामे, आते की मावस? माझ्या अगदी सुरुवातीच्या एका अनुवादात मी असाच एक कझिन सवयीने मामेभाऊ करून टाकला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळलं की इस्टेट आजोबांकडून बापाच्या बाजूने येणार होती आणि तो तिचा वारस होता. मामेभावाला ती मिळण्याचं कारणच नव्हतं, म्हणजे खुनाचा हेतूच उडाला. तोवर निम्मी पानं जुळून झाली होती. तेव्हापासून शेवटचं पान वाचून, वंशावळ कागदावर काढल्याशिवाय मी पहिलं वाक्य लिहीत नाही.

तिसरी जागा अक्षरांची. होम्सच्या त्याच पहिल्या कादंबरीत भिंतीवर रक्ताने पाच रोमन अक्षरं लिहिलेली असतात: आर, ए, सी, एच, ई. लेस्ट्रेडला वाटतं ‘रेचल’ लिहिताना हात अडला. होम्स सांगतो, हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. देवनागरीत तुम्ही उच्चार लिहिलात तर ‘राखे’सारखं काहीतरी होईल आणि त्यावरून रेचल कोणालाच सुचणार नाही. इथे अक्षरं एकेक करून वाचण्यावाचून गत्यंतर नाही. हा बनाव डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही.

पण मराठीने काही हत्यारं आपल्याला दिली आहेत जी इंग्रजी लेखकाकडे नाहीत. तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर ती वापरा. तू आणि तुम्ही. चारचौघांत एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणणारी, नुकतीच ओळख झालेली दोन माणसं, आणि घाबरलेल्या क्षणी एकाच्या तोंडून निसटलेलं ‘तू’. वाचकापुढे धागा उघडा पडलेला आहे, फक्त त्याने तो उचलायला हवा. त्याहून सूक्ष्म म्हणजे आम्ही आणि आपण. ‘आम्ही तिथून निघालो तेव्हा दिवा चालू होता’ आणि ‘आपण तिथून निघालो तेव्हा दिवा चालू होता’. दुसऱ्या वाक्यात ऐकणाराही तिथे होता. जबाब देताना एखादा संशयित आपल्या साथीदाराकडे बघून ‘आपण’ म्हणून गेला तर खटला तिथेच संपतो. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे. मला आश्चर्य वाटतं की आपल्या कथांत हा धागा इतका कमी वापरला गेलाय.

कथाप्रकारांच्या नावांबद्दलही विचारलं होतंत. ज्यात खून, संशयित, तपास आणि शेवटी बुद्धीला पटणारा उलगडा आहे ती रहस्यकथा. उलगडा अपुरा राहतो किंवा अतींद्रियाकडे झुकतो ती गूढकथा. शत्रुराष्ट्राची गुपितं काढायची ती हेरकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. त्यांचे धनंजय आणि छोटू तपास करतात, झुंजार आणि काळापहाड मात्र साहसाच्या अंगाने जातात, आणि मराठी वाचकाने या सगळ्यांना प्रेमाने रहस्यकथाच म्हटलं. त्यामुळे ‘व्हूडनिट’ला वेगळा शब्द हवासा वाटतो. मी ‘कोणी केलं’ प्रकारची कथा असं लिहितो. ऑस्टिन फ्रीमन या लेखकाने 1912 मध्ये उलटी रीत आणली. खुनी कोण हे पहिल्या भागातच दिसतं आणि तो कसा पकडला जातो हे दुसऱ्या भागात. तिला ‘कसं पकडलं’ म्हणता येतं.

‘कोणी केलं’ला ज्या अटी लागतात त्या रोनल्ड नॉक्स या रहस्यकथाकाराने 1929 मध्ये लिहून ठेवल्या. गुन्हेगाराची ओळख कथेच्या सुरुवातीच्या भागात झालेली असावी, दैवी चमत्कार नको, गुप्त भुयार एकाहून जास्त नको, जगाला ठाऊक नसलेलं विष नको, जुळे भाऊ आधी सूचना दिल्याशिवाय नकोत, आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसलेला असावा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लेखक चेस्टरटनच्या अध्यक्षतेखाली रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब सुरू झाला, तिथे सभासद अशा खेळाची शपथ घेत. याला इंग्रजीत फेअर प्ले म्हणतात, मराठीत मी ‘वाचकाशी सचोटी’ म्हणतो. अनुवादकालाही ती लागू आहे. लेखकाने धागा जितका दाखवला तितकाच दाखवायचा. समजावून सांगण्याच्या नादात अधोरेखित केला तर गुपित फुटतं, आणि अडचणीचा वाटला म्हणून गाळला तर वाचकाची फसवणूक होते.

याची सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे ‘द स्पेकल्ड बँड’ ही होम्सकथा, 1892 मधली. मरणारी मुलगी ‘ठिपक्यांचा बँड’ असं काहीतरी ओरडते. इंग्रजी शब्दात पट्टाही आहे आणि टोळीही, आणि घराच्या आवारात जिप्सींचा तळ पडलेला आहे. त्यांच्या डोक्याला ठिपक्यांचे रुमालही आहेत. ‘टोळी’ लिहिलं तर खरा उलगडा बंद होतो, ‘पट्टा’ लिहिलं तर जिप्सी निर्दोष सुटतात, आणि नुसतं ‘बँड’ लिहिलं तर मराठी वाचकाला वरात दिसते. मी तीन वेळा प्रयत्न केला. शेवटी मुलीच्या तोंडी ‘ठिपके... ठिपक्यांचा पट्टा’ ठेवला आणि जिप्सींच्या रुमालांचं वर्णन मुळात जिथे येतं तिथेच, मुळाइतक्याच लांबीचं, फक्त ‘कपाळाला पट्ट्यासारखे बांधलेले रुमाल’ अशा शब्दांत केलं. संशय पुन्हा त्यांच्यावर गेला. तुम्ही करून पाहाल तेव्हा याहून चांगला शब्द सापडला तर मला जरूर कळवा.